शिक्षकाची वही आणि वीस वर्षांची शपथ

शाळेत शिकविणाऱ्या माणसाच्या हाती रोज एक वही असते. महाराष्ट्रात तिला टाचणवही म्हणतात. दिल्लीच्या शाळांत ती नुसत्या डायरी या नावाने ओळखली जाते. कोणत्या तासाला कोणता पाठ घ्यावयाचा, त्याचे उद्दिष्ट काय, फळ्यावर काय लिहावयाचे, घरचा अभ्यास कोणता द्यावयाचा, एवढे तीत लिहिलेले असते आणि खाली मुख्याध्यापकांची सही असते. वर्षअखेरीस अशा वह्यांचे गठ्ठे कपाटात जातात आणि बहुधा पुन्हा बाहेर येत नाहीत. शिक्षकाने काम केले याचा तो पुरावा असतो. ते काम करीत असताना त्याला काय दिसले, काय खटकले, कोठे आनंद झाला, याचा मात्र तीत मागमूसही नसतो.

याखेरीज एक दुसरी वही असू शकते. ती कोणी मागत नाही आणि कोणी तपाशीतही नाही. कालचा पाठ का फसला, मागच्या बाकावरचा मुलगा इतक्या दिवसांनी आजच का बोलला, आपण रागावलो ते रास्त होते की आपल्याच थकव्याचा तो परिणाम होता, अशा नोंदी तीत होतात. दिवसभर चाळीस-पन्नास मुलांपुढे उभे राहून घरी परतल्यावर पुन्हा त्याच दिवसाकडे वळून पाहावयाचे, हे वाटते तितके सोपे नाही. म्हणूनच असे लिहिणारे शिक्षक थोडे. पण जे लिहितात त्यांच्या लिहिण्यात एक प्रश्न हटकून डोके वर काढतो. या पेशात शिरताना कोणत्या अपेक्षा मनात होत्या, आणि त्यांचे पुढे झाले काय?

दिल्लीत या प्रश्नाचा विचार करावयाचा तर जामिया मिल्लिया इस्लामियाच्या जुन्या प्राथमिक शाळेकडे वळावे लागते. त्या शाळेत अब्दुल गफ्फार मुधोली या नावाचे एक शिक्षक होते. विद्यापीठाच्या इतिहासात कुलगुरूंची, विद्वानांची, देणगीदारांची नावे ठळक अक्षरांत येतात. प्राथमिक शाळेतल्या मास्तरांचे नाव सहसा तळटिपेत जाते. मुधोलींच्या बाबतीत तसे झाले नाही, याचे कारण ते स्वतः लिहीत होते. ‘एक मुअल्लिम की ज़िंदगी’ हे त्यांचे उर्दू पुस्तक. मुअल्लिम म्हणजे शिक्षक. पुढे त्यांनी ‘जामिया की कहानी’ या नावाने संस्थेचीही हकीकत लिहिली. एका साध्या शिक्षकाला आपले रोजचे काम पुस्तकात मांडण्याजोगे आहे असे वाटावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. आजही ती लहान नाही. रोजच्या कामाकडे नोंद ठेवणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज अशी पुस्तके लिहून होत नाहीत.

ते काम कोणत्या परिस्थितीत चालले होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. असहकाराच्या चळवळीत, 29 ऑक्टोबर 1920 रोजी, अलीगढ येथे जामियाची स्थापना झाली. सरकारी मदतीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्था सोडून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी ती निघाली होती. पहिली काही वर्षे खिलाफतीच्या निधीतून खर्च भागला. 1924 मध्ये तुर्कस्तानात खिलाफतच रद्द झाली आणि तिच्याबरोबर इकडचा पैशाचा झराही आटला. संस्था बंद करावी, असे पुष्कळांचे मत पडले. हकीम अजमल खान यांनी ते मानले नाही. 1925 मध्ये त्यांनी जामिया दिल्लीस करोल बागेत आणली आणि तिच्या खर्चाचा पुष्कळसा भार स्वतः उचलला.

त्याच सुमारास जर्मनीत तीन तरुण शिकत होते. डॉ. झाकिर हुसेन अर्थशास्त्रात डॉक्टरेटची तयारी करीत होते, सय्यद आबिद हुसेन शिक्षणशास्त्राचा अभ्यास करीत होते, आणि महंमद मुजीब ऑक्सफर्डचे शिक्षण आटोपून तेथे आले होते. जामिया मोडणार ही वार्ता त्यांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी कळविले की आम्ही येतो, तोवर ती मोडू नका. 1926 च्या प्रारंभी तिघेही दिल्लीत दाखल झाले आणि झाकिर हुसेन कुलगुरू झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे 29 वर्षांचे होते. मात्र कुलगुरू या शब्दाने आज डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते येथे उपयोगी नाही. भाड्याची घरे, मोजके विद्यार्थी, आणि महिनाअखेरीस पगार होईल की नाही याची काळजी, असा तो कारभार होता.

1927 च्या डिसेंबरात हकीमसाहेब वारले आणि तो आधारही गेला. पुढल्या वर्षी, 1928 मध्ये, संस्थेच्या शिक्षकांनी स्वतःची एक मंडळी स्थापन करून जामियाचा सारा कारभार आपल्याकडे घेतला. मंडळीचे सभासद होणाऱ्या 11 जणांनी शपथ घेतली की 20 वर्षे आपण या संस्थेची सेवा करू आणि महिना 150 रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही. 150 ही कमाल मर्यादा होती. प्रत्यक्षात पुष्कळदा त्याहून पुष्कळ कमी मिळे, आणि तेही अर्धेमुर्धे, उशिराने. युरोपच्या विद्यापीठांतून परतलेल्या माणसांनी अशी अट स्वतःवर घालून घ्यावी, याचे दिल्लीत तेव्हा कोणाला कौतुक वाटले, कोणाला ते वेडही वाटले.

मराठी माणसाला ही हकीकत ऐकताना पुण्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि 1885 च्या जानेवारीत फर्गसन महाविद्यालय सुरू झाले. तेथील आजीव सभासदांचीही वीस वर्षांचीच प्रतिज्ञा होती आणि वेतनाचा आकडा होता महिना 75 रुपये. गोपाळ कृष्ण गोखले त्या प्रतिज्ञेने बांधलेले होते. आगरकरांनी आईला लिहिलेले पत्र तर महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. मुलगा एम. ए. झाला, आता मोठ्या पगाराची नोकरी धरील, ही आईची अपेक्षा. आणि पोटापुरत्या पैशावर संतोष मानून उरलेला वेळ लोकांच्या कारणी लावण्याचा मुलाचा निश्चय. शिक्षकाच्या अपेक्षांचा प्रश्न त्याच्या एकट्याचा कधीच नसतो, तो घरातल्या सर्वांचा असतो, हे त्या पत्राइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसेल. आगरकर 1895 मध्ये, चाळिशीही न गाठता, गेले. त्यांचे सहकारी वामन शिवराम आपटे त्यांच्या आधी तीन वर्षे गेले होते.

पण पुण्याच्या इतिहासात आणखी एक गोष्ट आहे आणि तिचा उल्लेख भाषणांतून सहसा टाळला जातो. शपथ घेणे आणि ती रोज पाळणे, यांत फार अंतर असते. सभासदांनी संस्थेबाहेर काम करावे काय, तेथे मिळालेला पैसा कोणाचा, पगारात भर घालावी काय, या प्रश्नांवरून पुण्यात वर्षानुवर्षे वाद झाले. आपले सारे सामर्थ्य संस्थेलाच दिले पाहिजे, अशी टिळकांची भूमिका होती; संसार वाढलेल्या इतरांना ती झेपत नव्हती किंवा पटत नव्हती. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले त्यावरून ताण शिगेला पोहोचला आणि 1890 मध्ये टिळक बाहेर पडले. यात कोण बरोबर आणि कोण चूक, याचा निकाल शंभरांहून अधिक वर्षांनंतर लावण्यात अर्थ नाही. लक्षात घेण्याजोगे एवढेच की 75 रुपयांत घर चालविणाऱ्या माणसाला जादा पैशाची गरज भासणे हे पाप नव्हे, आणि थोर माणसांच्या संस्थेतही त्या गरजेवर उघड बोलावे लागले.

दिल्लीच्या आणि पुण्याच्या या दोन शपथांत जे साम्य आहे ते केवळ वीस या आकड्याचे नाही. दोन्ही ठिकाणी शपथ घेणारे लोकच संस्थेचे चालक होते. काय शिकवावे, कसे शिकवावे, कोणाला घ्यावे, पैसा कोठे खर्च करावा, हे त्यांचे त्यांनी ठरवावयाचे होते. कमी वेतन हा त्या स्वातंत्र्याचा मोबदला होता आणि तो त्यांनी समजून उमजून चुकता केला. त्याग हा ज्याचा त्याने करावयाचा असतो. दुसऱ्याने तो ठरवून दिला म्हणजे त्याला वेतनकपात असे साधे नाव आहे. पुढच्या काळात शिक्षकांच्या सभांतून आगरकरांचे आणि झाकिर हुसेनांचे दाखले पुष्कळ दिले गेले. परंतु दाखला देणाऱ्यांनी शपथेचा अर्धाच भाग उचलला. कमी पगार शिक्षकाकडे राहिला आणि कारभार दुसऱ्यांकडे गेला.

जामियाच्या शाळेत त्या स्वातंत्र्याचा उपयोग कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. पंजाबातील मोगा येथे मिशनऱ्यांची एक शिक्षक-शाळा होती आणि प्रकल्पपद्धतीने शिकविण्याबद्दल तिची ख्याती होती. मुधोलींनी ती पद्धत तेथे पाहिली, अभ्यासिली आणि दिल्लीच्या मुलांत रुजविली. मुलांचे स्वतःचे दुकान निघाले, मुलांची स्वतःची बँक निघाली. दुकानात वही-पेन्सिल विकावयाची म्हणजे भाव काढणे आले, हिशेब आला, शिल्लक मोजणे आले आणि चूक झाली तर ती कबूल करणेही आले. गणित पुस्तकातून मुलाकडे येण्याऐवजी मूल गरजेने गणिताकडे जाऊ लागले. ही पद्धत आज नवी वाटत नाही. प्रत्येक शिक्षण-परिषदेत तिचा उच्चार होतो. पण ती चालवावयाची तर शिक्षकाला पाठ्यपुस्तकाचे पान बाजूस ठेवण्याची मुभा लागते, आणि आज काय घडले हे रात्री बसून पाहण्याची सवय लागते. कारण उद्याचा पाठ छापील नसतो. तो आजच्या अनुभवातून काढावा लागतो. दुसरी वही अशा शाळेत हौसेखातर ठेवली जात नाही, कामाच्या निकडीने ठेवावी लागते.

1933 मध्ये गेर्डा फिलिप्सबोर्न या जर्मन ज्यू बाई या शाळेत आल्या. झाकिर हुसेनांची आणि त्यांची ओळख बर्लिनमधली. मुले त्यांना आपाजान म्हणत. लहान मुलांच्या वसतिगृहात आणि शिशुवर्गात त्यांनी दहा वर्षे काढली. 1943 मध्ये कर्करोगाने त्या वारल्या आणि जामियाच्याच कबरस्थानात त्यांना मूठमाती मिळाली. बर्लिनमधल्या सुखवस्तू घरातील या बाईंनी कोणती अपेक्षा धरून करोल बागेतील बिनभरवशाची नोकरी पत्करली असेल, असे मनात येते. आज जामियात लहान मुलांचे जे पाळणाघर आहे त्याला त्यांचे नाव दिलेले आहे.

1935 साली ओखल्यास यमुनेकाठी जामियाने स्वतःची जागा बांधावयास घेतली. 1 मार्चला कोनशिला बसविण्याचा समारंभ झाला. दिल्लीत तेव्हा बड्या लोकांना तोटा नव्हता. परंतु कोनशिला बसविली ती शाळेतल्या सर्वांत लहान मुलाने, अब्दुल अझीझ याने. पैशाची सदैव चणचण असलेल्या संस्थेने कोणा धनिकाला किंवा अधिकाऱ्याला खूष करण्याची ही संधी हातची घालवली, असे व्यवहारी माणूस म्हणेल. त्या शिक्षकांना ही चैन परवडत होती, कारण इमारत कोणाची आहे याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता.

1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी राष्ट्रीय शिक्षणाची परिषद भरविली आणि त्यानंतर नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद झाकिर हुसेनांकडे आले. समितीत विनोबा होते, काका कालेलकर होते, किशोरलाल मशरूवाला होते. मूलोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची नई तालीम ही योजना मराठी श्रोत्यांना परिचित आहे. शिक्षकाला महिना निदान 20 रुपये आणि शक्य तर 25 रुपये मिळावेत, अशी त्या योजनेतील अपेक्षा होती. आणि मुलांनी कातलेल्या सुतातून, केलेल्या वस्तूंतून शाळेचा चालू खर्च बाहेर पडावा, असा गांधीजींचा आग्रह होता. झाकिर हुसेनांनी या ठिकाणी परिषदेतच धोक्याचा कंदील दाखविला. स्वावलंबनावर फार भर दिला तर शिक्षक मुलांकडून वेठ घेऊ लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. नऊ वर्षे अल्प वेतनावर काढलेल्या शिक्षकाच्या तोंडून हे आले, याला महत्त्व आहे. शिक्षकाच्या गरिबीचा भार अखेरीस मुलांच्या पाठीवर येतो, हे त्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते.

1946 च्या नोव्हेंबरात जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. नेहरू, आझाद, राजाजी एका बाजूस आणि जीना, लियाकत अली दुसऱ्या बाजूस, असे सर्व त्या दिवशी एका मांडवात आले. बाहेर देश पेटत होता. झाकिर हुसेन बोलावयास उभे राहिले तेव्हा त्यांनी आपल्या संस्थेसाठी पैसा मागितला नाही. द्वेषाची आग पसरत असताना बागेतली कोवळी रोपे शिक्षकाने जगवावी तरी कशी, असे त्यांनी त्या नेत्यांना विचारले. लेकरांसाठी ही आग विझवा, एवढीच त्यांची विनवणी होती. ती व्यर्थ गेली. पुढल्या ऑगस्टात जालंदरच्या स्टेशनावर ते स्वतःच मृत्यूच्या दारातून परतले, आणि सप्टेंबरात करोल बागेतील जामियाचे पुस्तकभांडार जळाले. गांधीजी त्या दिवसांत ओखल्यास येऊन गेले. शाळेचे शिक्षक निर्वासितांच्या छावण्यांतून कामाला लागले. टाचणवहीत या कामासाठी रकाना नसतो.

1948 मध्ये शपथेची वीस वर्षे भरली. त्याच वर्षी झाकिर हुसेन अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून गेले. तेथून बिहारचे राज्यपाल, उपराष्ट्रपती, आणि 1967 मध्ये राष्ट्रपती, हा क्रम सर्वांस ठाऊक आहे. 1969 मध्ये ते पदावर असतानाच निवर्तले आणि त्यांना ओखल्यास जामियाच्या आवारात आणले गेले. मुजीब मात्र मागे राहिले. 1948 पासून 1973 पर्यंत, पंचवीस वर्षे, त्यांनी जामियाचे कुलगुरुपद सांभाळले. मुधोली शिक्षकच राहिले. एकाच शाळेतून एक माणूस राष्ट्रपती-भवनात जातो आणि दुसरा फळ्यापाशी राहतो; दुसऱ्याचे आयुष्य अपुरे राहिले असे मानण्याची जी रीत पडली आहे, तिला ‘एक मुअल्लिम की ज़िंदगी’ हे नावच उत्तर देते. शिक्षकाचे आयुष्य सांगण्यासाठी शेवटी राष्ट्रपतिपद यावेच लागते, असे नाही.

स्वातंत्र्यानंतर शिक्षकाच्या स्थितीचा विचार दिल्लीतच पुष्कळ झाला. 1958 पासून राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले, 1962 पासून 5 सप्टेंबर हा शिक्षकदिन झाला. 1964 मध्ये डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला आणि त्याने 1966 च्या जूनमध्ये आपला अहवाल दिला. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर भागातले जे. पी. नाईक. शिक्षण मंत्रालयात सल्लागार म्हणून स्वतः नाममात्र वेतनावर काम करणाऱ्या या माणसाने शिक्षकांसाठी मात्र नाममात्र वेतनाची शिफारस केली नाही. देशभर किमान वेतनश्रेणी असाव्यात, शाळेतील आणि महाविद्यालयातील शिक्षकांच्या वेतनातले अंतर कमी व्हावे, निवृत्तीनंतरची सोय असावी, आणि शिक्षकाला नवे करून पाहण्याची मोकळीक असावी, असे त्या अहवालात आग्रहाने मांडले आहे. स्वतःचा त्याग दुसऱ्यावर न लादण्याचे हे शहाणपण दुर्मिळच म्हणावे लागेल. वेतनश्रेणी त्यानंतर खरोखरच सुधारल्या. कायम नेमणुकीच्या शिक्षकाची ददात पुष्कळशी मिटली. मोकळिकीची शिफारस तेवढी अहवालातच राहिली.

आणि आता दिल्लीच्या शाळांत एक निराळाच वर्ग वाढला आहे. त्याला अतिथी-शिक्षक म्हणतात. नाव आतिथ्याचे, पण वेतन कामाच्या दिवसांच्या हिशेबाने. शाळा बंद तर मिळकत बंद. 2017 च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या विधानसभेने अशा सुमारे 15,000 शिक्षकांना कायम करण्याचे विधेयक संमत केले, पण ते अमलात आले नाही. 1928 मध्ये याच शहरात काही शिक्षकांनी वीस वर्षांसाठी स्वतःला बांधून घेतले होते. इथे शिक्षक बांधून घ्यावयास राजी आहे, पण त्याला वीस दिवसांचीही हमी देण्यास कोणी पुढे येत नाही. पुढल्या महिन्यात आपण याच वर्गावर असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्याकडून मागच्या बाकावरच्या मुलाची नोंद ठेवण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

तरीही अशा नोंदी ठेवल्या जातात, हे मान्य केले पाहिजे. दिल्ली विद्यापीठात 1994 पासून प्राथमिक शिक्षकांसाठी चार वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम चालला. प्रत्यक्ष वर्गात शिकवून त्या अनुभवावर लिहिणे हा त्या शिक्षणाचा भाग होता. तेथून बाहेर पडलेल्या तरुण-तरुणींना पगार हवा आहे, कायमची नेमणूक हवी आहे, घरच्यांना सांगण्याजोगी प्रतिष्ठा हवी आहे. यात गैर काहीच नाही. आगरकरांच्या आईलाही तेच हवे होते. पण त्यांच्याशी बोलताना आणखी एक मागणी ऐकू येते आणि ती कोणत्याही वेतन आयोगाच्या कागदात सापडणार नाही. उद्याच्या तासाला काय करावयाचे हे निदान थोडेसे तरी आपले आपल्याला ठरवू द्यावे, एवढीच ती मागणी असते. मुधोलींना 1930 च्या सुमारास, पगाराची शाश्वती नसताना, नेमके तेवढे मिळाले होते.